किमान दुप्पट

लोटलीकर सर फळ्यावर लाट काढताना
खडू उचलत नाहीत.
मग त्या लाटेवर टिंबं देतात, सारख्या अंतरानं,
आणि डस्टरनं लाट पुसून टाकतात.
"आता एवढंच उरलंय. यातनं परत ती काढून दाखवा."

नमुने घ्यायचे ते
सर्वांत वरच्या वारंवारतेच्या किमान दुप्पट.
नायक्विस्टचा नियम.
आमच्या वर्गात तीन नाईक आहेत,
तिघांकडे वळून सगळे हसले.
मी 'दुप्पट'खाली दोन रेघा मारल्या
आणि मला खोतीगावचा काजू दिसला.

आमच्या वाड्यावर रेंज नाही.
जी काय आहे ती चढावरच्या त्या एका काजूखाली,
तीही खोडाला पाठ लावून उभं राहिलं तर.
आई दिवेलागणीला तिथं चढते,
डोक्यावरचा भारा उतरवते,
आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलते.
"जेवलें? जेवलें?"
"पयशे पावले? पयशे पावले?"
एक रानात जातं, एक मला मिळतं.
कधी दोन्हींचे अर्धे-अर्धे तुकडे जुळवून
हॉस्टेलच्या जिन्यात मी आख्खं वाक्य करते.
चौथी नापास बाई.
तिला कुणी फळ्यावर टिंबं काढून दाखवली नव्हती.

नमुने कमी पडले तर काय होतं,
तो पुढचा तास. एलियासिंग.
वरची वारंवारता खालचीचं सोंग घेऊन येते.
दोन्ही लाटा त्याच टिंबांतून जातात,
खरी कुठली, ते टिंबांना विचारून कळत नाही.
आकृती मी दोन रंगांत उतरवून घेतली.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी फोन.
आईचा आवाज, मध्ये खरखर,
"बापूय गेलो..."
आणि मग नुसता काजू.

दुसरं वाक्य आलंच नाही.

फर्मागुडीचा उतार मी चपलांवर उतरले.
फोंड्याहून मडगाव, मडगावहून काणकोण,
शेवटच्या कदंबात मी, कंडक्टर
आणि कुणाची तरी विसरलेली सुक्या बांगड्यांची पिशवी.
पुढं माडाची रोपं नेणारा एक पिकअप.
ड्रायव्हरनं काही विचारलं नाही,
रेडिओ तेवढा बंद केला.

बाबा ओसरीवर बसून टॉर्चचे सेल बदलत होते.
काणकोणला गेले होते, रेशनकार्डाच्या कामाला.
तेच तर ती सांगत होती.
मी उभी. ते माझ्याकडे बघतायत.
"फाल्यां परिक्षा न्हय गो तुजी?"

होती. सकाळी दहाला.
सव्वासहाची बस त्या दिवशी आली नाही.
दुपारी काजूखाली फ्लॉयडचा मेसेज उतरला:
तीन बी एलियासिंग होता, दहा मार्क, कुठं आहेस?

तो विषय आज परत दिला.
सिग्नल्स अँड सिस्टिम्स, बॅकलॉग,
बाकावर शेजारी माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान मुलं.
आणि पाच ए मध्ये तोच प्रश्न, उदाहरणासह स्पष्ट करा.
टिंबं काढली. एक लाट सलग, एक तुटक रेघेची.
उदाहरण सरांचंच लिहिलं,
सिनेमात उलटं फिरताना दिसणारं गाडीचं चाक.
पेपर तपासणाऱ्याला माझ्या बापाचं काय करायचंय?
पण पेन थोडा वेळ थांबला होता, हे खरं.
सुपरवायझरनं येऊन विचारलं, सप्लिमेंट हवी का.

संध्याकाळी फोन.
"पेपर बरो गेलो? बरो गेलो?"
"गेलो," मी म्हटलं,
आणि तो शब्द तोंडात जरा चरचरला.
पलीकडं खरखर. पानं. तिचा श्वास.
ऐकलं की नाही कळेना.
तेव्हा मी जिना उतरून टाकीपाशी आले,
कपडे पिळणाऱ्या मुली बघू लागल्या, बघोत,
आणि चढावर ऐकू जावं तसं ओरडले,
"बरो गेलो, आये! बरो गेलो!"